ब्राउझरमध्ये सी++ चा जड कोड चालवायचाय: साधं जावास्क्रिप्ट, एएसएम.जेएस की वेबअसेंब्ली?

इमेज प्रोसेसिंगची सी++ लायब्ररी तुमच्याकडे तयार आहे, तेव्हा एमस्क्रिप्टेन (सी++ चा कोड ब्राउझरसाठी बदलून देणारा कंपायलर) वापरून वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउझरला चालवता येणाऱ्या बायनरी कोडमध्ये, कंपाइल करा. एएसएम.जेएसचा, म्हणजे वेगासाठी आखलेल्या जावास्क्रिप्टच्या मर्यादित रूपाचा, विचार सोडा. 2013 मध्ये मोझिलाने ते आणलं तेव्हा युक्ती झकास होती (आकड्यानंतर |0 लावलं की इंजिनाला कळायचं, हा 32 बिटांचा पूर्णांक), पण फाइल शेवटी मजकुराचीच, सगळी पार्स करावी (वाचून उलगडावी) लागायची. वेबअसेंब्लीची बायनरी डाउनलोड होता होताच कंपाइल होते; फक्त सर्व्हरने माइम टाइप (फाइल कोणत्या प्रकारची ते सांगणारं लेबल) बरोबर पाठवायला हवा. 2017 पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत वेबअसेंब्ली आहे आणि गूगलनेही त्याच वर्षी आपलं पीएनएसीएल (सी++ चा कोड क्रोममध्ये चालवायचं त्यांचं तंत्र) बंद करायचं जाहीर केलं.

मात्र ‘वेबअसेंब्ली केलं की सगळंच पळेल का?’ या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. वेग बहुतेक वेळा जावास्क्रिप्ट आणि वेबअसेंब्लीच्या सीमेवर मरतो. वेबअसेंब्लीची मेमरी वेगळी असते, वेबअसेंब्लीला डॉमला (पेजवरच्या घटकांच्या रचनेला) थेट हात लावता येत नाही, आणि कॅनव्हासवरचे पिक्सेल त्या मेमरीत कॉपी करावे लागतात. दर फिल्टरला ही ने-आण केलीत तर साधं जावास्क्रिप्टही बरोबरीला येईल. पिक्सेल एकदाच आत न्या, ब्लर, शार्पन, रंगबदल सगळं तिथेच उरका आणि शेवटी एकदाच बाहेर काढा. एक खोच लक्षात ठेवा: मेमरी वाढली की तिच्यावरचे जुने टाइप्ड अॅरे (जावास्क्रिप्टमधून ती मेमरी वाचायच्या खिडक्या) निकामी होतात, लांबी शून्य दाखवतात. मोठी इमेज आली की अचानक रिकामा कॅनव्हास दिसतो, तो बऱ्याचदा यामुळेच.

सिमड (एकाच सूचनेत अनेक आकड्यांवर तीच क्रिया करायची सोय) मात्र नक्की चालू करा. कंपाइल करताना त्याचा फ्लॅग (पर्याय) स्वतः द्यावा लागतो. 128 बिटांत आरजीबीएचे (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता) 4 पिक्सेल एका दमात बसतात, त्यामुळे तुमच्या कामाला ते अगदी सोयीचं.

थ्रेड्सची (काम वाटून एकाच वेळी चालवायची) घाई करू नका. त्यांना शेअर्डअॅरेबफर (थ्रेड्सना मिळून वापरता येणारी मेमरी) लागतो. 2018 मध्ये उघड झालेल्या स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा त्रुटीनंतर ब्राउझरांनी तो काढून घेतला होता. आता पेज क्रॉस-ओरिजिन आयसोलेटेड (दुसऱ्या साइट्सपासून वेगळं ठेवलेलं) असेल तरच मिळतो. त्यासाठी सर्व्हरवरून दोन जादा हेडर पाठवावे लागतात आणि ते लावले की बाहेरून आणलेल्या जाहिराती, आयफ्रेम अडू शकतात. आधी सिमडचं बिल्ड साध्या फोनवर मोजून बघा, तेवढ्यात भागलं तर थ्रेड्सच्या वाटेला जाऊ नका.