प्रश्न तुमचे: जिन्याखालचं पेट्रोल

प्रश्न : आमच्या सोसायटीत जिन्याखाली, मीटरबोर्डाशेजारी, गणपतीतल्या जनरेटरसाठी आणलेलं पेट्रोल वर्षभर पडून असतं, तेही गोडेतेलाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये. मी हरकत घेतली, तर सेक्रेटरी म्हणाले, "अहो, अमेरिकेतसुद्धा आता पेट्रोलच्या डब्यांचे नियम सैल करतायत." न्यू जर्सीतला माझा भाचाही म्हणतो, तिथले लोक त्या डब्यांच्या तोट्यांना वैतागलेत. मग मी उगाच घाबरते का?
– एक वाचक भगिनी, भांडुप

उत्तर : ताई, अजिबात उगाच नाही. भाच्याचं म्हणणं बरोबर आहे, पण सेक्रेटरींनी त्याचा भलताच अर्थ काढलाय.

वैताग आहे तो तोटीचा. 2009 पासून तिथल्या पर्यावरण खात्याने पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून आपोआप बंद होणारी तोटी सक्तीची केली. त्या नादात बहुतेक डब्यांवरचं हवेचं वेगळं भोकच गेलं. मग पेट्रोल गचके खात येतं आणि हातावर, जमिनीवर सांडतं. अशी तोटी बदलायलाच हवी, असं मलाही वाटतं.

आगीपासून वाचवणारा नियम निराळा आहे. 2020 मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून डब्याच्या तोंडाशी ज्योत अडवणारी बारीक जाळी बसवायला लावली. बाहेरची ज्योत जाळीशी आली की तिची उष्णता धातू ओढून घेतो आणि ती आत शिरत नाही. खाणकामगारांच्या 1815 मधल्या डेव्ही दिव्याचं हेच तत्त्व. तोटीचा नियम सैल झाला म्हणून ही जाळी जात नाही, आणि जाऊही नये.

मी सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली. सगळ्यांना भीती असते भरलेल्या डब्याची. मला तळाशी थोडं पेट्रोल उरलेल्या डब्याची जास्त वाटते. हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के वाफ असली, तरच ती पेटते. भरलेल्या डब्यात वाफ याहून दाट असते. गणपतीत उरलेलं पेट्रोल शिमग्यापर्यंत राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो, वाफ विरळ होते आणि डब्याच्या आतच पेटण्याजोगं मिश्रण तयार होऊ शकतं. डब्याबाहेर झिरपणारी वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जिन्याखाली साचून राहते. आणि शेजारी तुमचा मीटरबोर्ड!

शिवाय अमेरिकेकडे बघायची गरजच काय? आपला 1934 चा पेट्रोलियम कायदा आहे. विक्रीसाठी नसेल तर 30 लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं, पण भांडं घट्ट बुचाचं हवं : काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर 1 लिटरपर्यंत, धातूचं असेल तर 25 लिटरपर्यंत. त्यात प्लॅस्टिकचं नावच नाही. सभेत कलम 8 वाचून दाखवा.

तो कॅन आजच्या आज जिन्याखालून हलवा. उरलेलं पेट्रोल ओळखीच्या गॅरेजवाल्याला द्या, गटारात मुळीच ओतू नका. पुढच्या गणपतीला धातूचा जेरीकॅन घ्या, लागेल तेवढंच आणा. पंपावर तो जमिनीवर ठेवूनच भरा, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. आणि जनरेटर बंद करून गार होईपर्यंत त्यात पेट्रोल ओतायचं नाही, आरती खोळंबली तरी.