तालुक्याच्या गावात व्यापारी संकुल झालं तर जुनी बाजारओळ पुन्हा चालेल का?

तुमच्या नगरपरिषदेनं बाजारओळीत दुमजली संकुल मंजूर केलंय, त्यानं पेठ सावरेल का आणि गाळा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी असा गाळा घेऊन पस्तावलोय, म्हणून सांगतो.

लिलावात खालचे गाळे आवाक्याबाहेर गेले. वरचा स्वस्तात मिळाला, तिथं कटलरीचं दुकान टाकलं. पण आमच्याकडे धंदा आठवडी बाजाराच्या दिवशीचा. खेड्यावरून आलेली बाई, दोन हातांत दोन पिशव्या, वर मे महिन्याचं ऊन. ती जिना चढत नाही. खालूनच हाक यायची, "भाऊ, बांगड्या खाली आन ना बाप्पा, गुडघे नाई चढू देत." खोका घेऊन मी दिवसभर खाली-वर. दीड वर्षात गाळा सोडला. आता समोरच्या टपरीत बसतो, बरं चाललंय.

खरा घोळ त्याआधीच झाला होता. बांधकामासाठी बाजार गावाबाहेर नेला. भाजीवाले गेले, त्यांच्यामागं गिऱ्हाईक गेलं. संकुल उभं राहिलं तेव्हा पेठेत कुत्री झोपलेली.

लोक नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या जागेवरच्या मॉलचा दाखला देतात. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी बंद पडली होती आणि भोवती अख्खं शहर होतं. तुमच्या जागेवर आजही माणसं माल मांडून बसतात. त्यांना उठवून पेठ कशी सावरणार?

म्हणून आधी बाजार कुठं बसणार ते लेखी विचारा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार, म्हणजे जिथं विकणारे आणि घेणारे परंपरेनं जमत आलेत तो बाजार, वारसा बाजार ठरतो आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवता येत नाही. मात्र तो नैसर्गिक बाजार असल्याचं नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीवरून ठरवून घ्यावं लागतं. त्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेतेच असतात, त्यांना गाठा.

गाळा घ्यायचाच तर खालचा, रस्त्याकडे तोंड असलेला. आणि नकाशात बायकांचं स्वच्छतागृह बघा. ते नसेल तर खेड्यावरच्या बायका मिरची-मीठ घेऊन पहिल्या एसटीनं परततात, बांगड्यांपर्यंत पोचतच नाहीत. आमच्याकडे आहे, जिन्याखाली, कुलूप लावलेलं. बाजार रविवारचा, आणि किल्लीवाल्याची सुटीही रविवारीच.