कोणाला काय माफ होते?

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. हातात दोन ऑफर आहेत, एक हिंजवडीतल्या जुन्या मोठ्या कंपनीची आणि दुसरी बाणेरमधल्या, वर्षभरात साठाची अडीचशे माणसे झालेल्या कंपनीची. मन दुसरीकडे ओढ घेत असले, तरी तिथले कल्चर कसे असेल हे आधी कळायचे कसे, असे तू विचारले आहेस. कोठे जावे हे मी सांगणार नाही. पण त्या ‘कल्चर’ शब्दाबद्दल मात्र लिहितो, कारण त्याने मी स्वतः एकदा फसलो आहे आणि एका मुलीला फसवलेही आहे.

मुलाखतीला गेलीस तेव्हा भिंतीवर रंगवलेली मूल्ये, बीन बॅग आणि टेबल टेनिसचे टेबल पाहून आलीस, असे तू लिहितेस. ती सजावट आहे; वाईट नाही, पण तिच्यावरून काही कळत नाही. माझ्या मते कंपनीचे कल्चर म्हणजे तिथे कोणाला काय माफ होते, एवढेच.

याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण उबरचे आहे. सुझन फाउलर ही अभियंता नोव्हेंबर 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या कंपनीत रुजू झाली. प्रशिक्षण संपून टीममध्ये गेल्याच्या पहिल्याच दिवशी तिच्या मॅनेजरने कंपनीच्या चॅटवर तिला लैंगिक सूचक संदेश पाठवले. तिने स्क्रीनशॉट काढून एचआरकडे तक्रार केली. उत्तर असे मिळाले की हा त्याचा पहिलाच गुन्हा आहे, तो उत्तम काम करणारा आहे, त्यामुळे समज देण्यापलीकडे काही करणे योग्य वाटत नाही. तिच्यापुढे पर्याय दोन: दुसऱ्या टीममध्ये जा, नाहीतर त्याच्याच हाताखाली राहा आणि त्याने वार्षिक मूल्यमापनात कमी गुण दिले तर तक्रार करू नकोस. पुढे कंपनीतल्या इतर स्त्रियांशी बोलताना तिला कळले की त्याच माणसाविरुद्ध आधीही तक्रारी झाल्या होत्या, आणि त्यांनाही ‘पहिलाच गुन्हा’ हेच ऐकवले गेले होते.

तिने कंपनी सोडली आणि 19 फेब्रुवारी 2017 रोजी हे सगळे स्वतःच्या नावाने, शांत भाषेत लिहून प्रसिद्ध केले. त्यात चामड्याच्या जॅकेटांचा एक प्रसंग आहे. विभागातल्या पुरुषांसाठी जॅकेटे मागवली गेली आणि उरलेल्या मोजक्या स्त्रियांना सांगण्यात आले की तुमची संख्या कमी असल्याने घाऊक सवलत मिळत नाही, म्हणून तुमच्यासाठी मागवलेली नाहीत. छळाच्या तक्रारीपुढे ही गोष्ट किरकोळ आहे हे मला कळते, तरी त्या कंपनीच्या आत कसे वाटत असेल हे मला त्या जॅकेटांनी अधिक सांगितले.

पुढच्या चार महिन्यांत 215 तक्रारींची चौकशी होऊन वीसपेक्षा जास्त माणसे काढली गेली, आणि जूनमध्ये संस्थापक ट्रॅव्हिस कॅलनिक यांना मुख्य कार्यकारी अधिकारीपद सोडावे लागले. अमेरिकेचे माजी अॅटर्नी जनरल एरिक होल्डर यांच्या चौकशीतून आलेल्या शिफारशींतली एक साधीशी शिफारस मला सर्वांत बोलकी वाटते: तक्रारींची नीट नोंद ठेवता येईल अशी साधने एचआरला द्या. जगभर पसरलेल्या, हजारो माणसांच्या कंपनीला हे बाहेरच्या वकिलाने सांगावे लागले.

यात दुष्टपणा असतोच असे नाही, विसराळूपणाही असतो. माणसे वर्षात दुप्पट झाली, की निम्मी तरी वर्षभराच्या आतली असतात. एचआरची सगळी शक्ती भरतीवर खर्च होते आणि एचआरमधली माणसेही भराभर बदलतात. मग मागच्या वर्षी काय झाले हे लक्षात ठेवणारे कोणी उरत नाही आणि प्रत्येक गुन्हा खरोखरच पहिला वाटू लागतो. शिवाय तीन वर्षांपूर्वी फ्रेशर म्हणून आलेला मुलगा बारा जणांचा मॅनेजर झालेला असतो. माणसे कशी सांभाळायची हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

आता माझे सांगतो. औंधमधल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती, आम्ही पस्तीस जण होतो. गच्चीवर एकत्र डबे खायचो, कोणाच्या घरी काय चालले आहे ते सगळ्यांना ठाऊक असे. दोन वर्षांत तीनशे झालो आणि काचेच्या इमारतीत गेलो. आमचा आर्किटेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना ठरवणारा, विलक्षण हुशार होता; पेमेंटचा सगळा भाग त्याने एकट्याने लिहिलेला आणि त्याच्याशिवाय तो कोणाला समजत नसे. रिव्ह्यूच्या, म्हणजे एकमेकांचा कोड तपासण्याच्या, वेळी तो ज्युनिअरचा कोड मोठ्या पडद्यावर लावून, लिहिणाऱ्याची नक्कल करत वाचून दाखवायचा. आम्ही हसायचो. मीही.

लातूरची एक मुलगी टेस्टर म्हणून, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायला, आली होती, पहिलीच नोकरी. एका शुक्रवारी रिलीजच्या, म्हणजे नवे काम ग्राहकांपर्यंत जाण्याच्या, दोन तास आधी तिने एक बग, म्हणजे चूक, नोंदवला. वीसेक माणसांसमोर तो तिला म्हणाला, “आधी इंग्रजी वाचायला शिक, मग बग काढ.” रिलीज झाले. सोमवारी सकाळी ग्राहकांच्या खात्यांतून दोनदा पैसे गेल्याचे फोन सुरू झाले. बग तोच होता. आर्किटेक्टने रात्रभर बसून तो दुरुस्त केला आणि महिन्याच्या सभेत त्याबद्दल त्याचे कौतुक झाले. तिचे नाव कोणी घेतले नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा मी चहा मागवला आणि म्हणालो, “तो बोलायला फटकळ आहे, पण मनाने चांगला आहे. मनावर घेऊ नकोस.” चार महिन्यांनी तिने राजीनामा दिला. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ असे लिहिले होते आणि खाली टीमचा लीड, म्हणजे प्रमुख, म्हणून माझी सही आहे. त्याच टीममधून आधी दोघे त्याच कारणाने गेले होते, हे मला नंतर जुने फॉर्म चाळताना दिसले. तिन्ही फॉर्म एचआरमधल्या तीन वेगळ्या माणसांनी भरून घेतलेले होते.

मी गप्प का बसलो? भीतीपेक्षा हिशेब जास्त होता. आमच्या हातात ईसॉप होते, म्हणजे कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क. आपल्याकडे या हक्काचा पहिला हप्ता मिळायला नियमाने किमान एक वर्ष जावे लागते, आणि पूर्ण वाटा मिळायला बहुतेक ठिकाणी चार वर्षे लागतात. त्या शेअरची किंमत तो आर्किटेक्ट टिकण्यावर आहे असे आम्हा सगळ्यांना वाटत होते. ज्याच्यावर सर्वांचे पैसे अवलंबून, त्याचे सर्व काही माफ.

म्हणून दुसरी ऑफर घेणार असशील, तर होकार कळवण्यापूर्वी तिथून सहा महिन्यांत किंवा वर्षभरात बाहेर पडलेल्या दोघातिघांशी बोल. ‘कल्चर कसे आहे’ असे विचारू नकोस, कारण त्याचे उत्तर ‘चांगले आहे’ असेच येते. गेल्या वर्षी कोणाला बढती मिळाली आणि त्याच्याबद्दल लोक मागे काय बोलतात, ते विचार. तुझ्या जागेवर आधी कोण होते, ते आता कोठे आहे, हे मात्र थेट मॅनेजरला विचार आणि उत्तर द्यायला त्याला किती वेळ लागतो ते बघ. शेवटच्या फेरीत सर्वांत ज्युनिअर माणसाने काही सुचवले, तर बाकीच्यांचे डोळे कोणाकडे वळतात हेही बघण्यासारखे असते.

सगळा ताण वाईट नसतो, हेही लिहायला हवे. रात्री दोनला प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती यंत्रणा, कोसळले म्हणून उठावे लागणे, कोडवर चाळीस शेरे येणे, तीन महिन्यांत दोनदा काम बदलणे, यातून मी जेवढे शिकलो तेवढे आधीच्या दहा वर्षांत शिकलो नव्हतो. शेरा कोडवर आहे की माणसावर, एवढे तपासत राहा.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीत कोण आहे ते शोधून ठेव. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे ती असलीच पाहिजे, तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला हवी आणि एक सदस्य बाहेरचा हवा. लैंगिक छळाची लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. अडीचशे माणसांच्या कंपनीत या समितीबद्दल विचारल्यावर एचआरची व्यक्ती गोंधळली, तर ते लक्षात ठेव.

आणि एक साधी वही कर. मनाला टोचलेली गोष्ट तारीख, वेळ आणि समोर कोण होते यांसह त्याच दिवशी लिही, स्वतःच्या वहीत. कंपनीचा कोड किंवा ग्राहकांची माहिती मात्र स्वतःच्या मेलवर कधीही पाठवू नकोस. तक्रार बाजूला राहून चौकशी तुझीच सुरू होईल. वहीतले निम्मे महिन्याभराने क्षुल्लक वाटेल, ते खोडून टाक.

त्या लातूरच्या मुलीला मी सहा वर्षांनी मेल केली होती. तिने दोन ओळींत उत्तर दिले: आता ती टेस्टिंगची टीम चालवते, आणि त्या बगचा क्रमांक तिला अजून पाठ आहे. तो तिने लिहिलाही होता.

ऑफरचे पत्र आले की ईसॉपचे पान आणि नोटीस पिरियडचे कलम मला पाठव. रविवारी सकाळी बसून वाचीन; दहानंतर फोन कर.

तुझे सर