वकीलताईंना विचारा : पोच घेतली का?

प्रश्न : माढा तालुक्यात सीनेच्या काठी आमची चार एकर जमीन आहे. सप्टेंबर 2025 च्या पुरात उभी तूर तर गेलीच, पण दीड एकरावरची मातीही वाहून गेली. खाली नुसता मुरूम उघडा पडलाय. सातबारा अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. ते 2018 साली वारले, माझे मिस्टर 2021 साली. दीर म्हणतात, अनुदान माझ्या खात्यावर येऊ दे, तू फक्त सह्या कर. गावातला एक जण सगळी कागदं करून देतो म्हणतो, पण आलेल्या पैशात दहा टक्के मागतो. पूरग्रस्तांना वकील फुकट मिळतो असं ऐकलं. मला मिळेल का? आणि फुकटचा वकील मन लावून काम करेल का?

उत्तर : ताई, मिळेल. उपकार म्हणून नाही, कायद्यानं. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्ये पूर, दुष्काळ, भूकंप यांत सापडलेल्या माणसाला मोफत वकील द्यायचा, असं स्पष्ट लिहिलंय. एरवी आपल्या राज्यात वर्षाला 3 लाखांच्या उत्पन्नाची अट विचारतात, ती तुम्हाला लागू नाही. पूर आला नसता तरीही नसती, कारण त्याच कलमात स्त्रियांचा वेगळा उल्लेख आहे. हा कायदा 1987 चा, पण अमलात आला 9 नोव्हेंबर 1995 ला. म्हणजे 1993 साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो नुसता पुस्तकात होता. आमचे सीनियर तिथली वारसांची भांडणं सांगायला लागले, की चहा गार व्हायचा.

आता मन लावून काम करण्याचं. पुरानंतर मोफत कायदा मदतीच्या शिबिरासाठी आम्ही चौघी वकील एका झेडपी शाळेच्या पडवीत बसलो होतो. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला गाळाची रेघ होती. एक आजोबा पत्र्याचा डबा घेऊन आले. आत सोसायटीच्या कर्जाचा कागद आणि बायकोच्या मृत्यूचा दाखला चिखलानं एकमेकांना घट्ट चिकटलेले. माझ्या ज्युनियरनं शाळेतली फूटपट्टी घालून ते सोडवायला अर्धा तास घालवला. त्या दिवशी कोर्टाचं नावही निघालं नाही. पूरग्रस्ताचं काम बहुतेक असंच असतं : अर्ज, नकला, तहसीलचे हेलपाटे. आणि हो, असे वकीलही असतात जे शिबिरात फोटोपुरते येतात. तसा भेटला तर विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी द्या, वकील बदलून मिळतो.

तुमच्या प्रकरणात मी सगळ्यात आधी पंचनामा बघेन. त्यात नुसतं ‘पीक नुकसान’ लिहिलंय, की ‘जमीन खरडून गेली’ असंही आहे? तुमच्या पुराच्या वेळी लागू असलेल्या केंद्राच्या निकषांत जिरायत पिकाला हेक्टरी 8,500 रुपये आहेत, शेतात साचलेला गाळ काढायला 18,000 आणि नदीनं जमीनच नेली तर 47,000. राज्य सरकार वर काय देतं ते त्या त्या वेळच्या जीआरप्रमाणे. शिबिरात मी पाहिलेल्या एका पंचनाम्यात शेतात मुरूम दिसत असताना फक्त सोयाबीन लिहिलं होतं. तुमच्यातही तसंच असेल तर दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांच्या नावे, सोबत शेताचे फोटो. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच. ‘साहेबांकडे दिलाय’ याला कुणी विचारत नाही. माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारते, पोच घेतली का? घरचे आता चिडवतात त्यावरून.

वारस नोंद राहिलीय, ती आजच लावायला घ्या. कायदा तीन महिन्यांत कळवा म्हणतो, तुमची सात वर्षं गेली, पण म्हणून हक्क बुडत नाही. सासऱ्यांचा आणि मिस्टरांचा मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडल अधिकारी फेरफार, म्हणजे सातबारावरच्या नावांचा बदल, मंजूर करतात. दिरांनी हरकत घेतली तर सुनावणी होते, आणि तिथं वकील लागतो. सातबारा भिजला असेल तर रडू नका, डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत निघतो.

सह्यांबद्दल मात्र कान उघडे ठेवा. सामाईक जमिनीचं अनुदान एकाच्या खात्यावर घ्यायला बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. ते त्या पैशांपुरतंच. हक्कसोडपत्र हा निराळाच कागद, त्यानं जमिनीतला वाटा जातो. ‘अनुदानासाठीच आहे’ म्हणत हा दुसरा कागद पहिल्याच्या खाली सरकवलेला मी पाहिलाय. तुमचे दीर तसं करतीलच असं नाही, पण मथळा वाचल्याशिवाय सही नको. कोऱ्या कागदावर तर नकोच, माझ्यासमोरसुद्धा.

त्या दहा टक्केवाल्याला नाही म्हणा. तो वकील नसेल तर प्रश्नच मिटला. वकील असेल तर मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांतच मनाई आहे. प्राधिकरणानं नेमलेल्या वकिलाला मानधन प्राधिकरण देतं, तुमच्याकडून त्यानं चहाही घ्यायला नको.

जायचं कुठं? तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याच्या कोर्टात प्राधिकरण. साध्या कागदावर अर्ज चालतो. जाणं जमत नसेल तर 15100 वर फोन करा. दाखले, आधार, पासबुक, पंचनाम्याची मिळेल ती प्रत न्या. दीर तयार असतील तर त्यांनाही सोबत न्या, समोरासमोर बसून अर्धी भांडणं तिथंच विझतात. आणि नणंद असेल तर तिला विसरू नका. वारसांच्या यादीत तिचंही नाव लागणार आहे, आणि हे तिला अजून कुणी सांगितलं नसेल.