नऊ रात्री, सहा शहरं: मी असतो तर चार कापली असती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात इटलीत नऊ रात्री, सोबत पासष्टीच्या पुढचे आई-बाबा, आणि यादीत मिलान, व्हेनिस, पिसा, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स. खरेदी नको, इमारती बघायच्या आहेत, क्रम कसा लावू?

क्रम नंतर बघू, आधी यादी कापा. रोम आणि फ्लॉरेन्स, बस. रोमला तीन रात्री, मग फ्लॉरेन्सला चार, आणि शेवटच्या दोन पुन्हा रोमला. विमानाचं तिकीट रोम ते रोम काढा. दोन्ही शहरांमध्ये जलद गाडीने जेमतेम दीड तास लागतो, त्यामुळे परत येणं जड जात नाही.

हे मनापासून सांगतोय, कारण पहिल्या फेरीत मी नेमकं तुमच्यासारखं केलं होतं. आठ दिवसांत सहा शहरं. फ्लॉरेन्सला चार तास मिळाले. ज्या घुमटाबद्दल कॉलेजपासून वाचत आलो होतो तो मी खालून, बाहेरून, हातात सँडविच धरून पाहिला आणि गाडी पकडायला धावलो. सिव्हिल इंजिनिअर म्हणून साइटवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला त्याची खंत किती वाटली असेल ते तुम्हाला कळेल. नंतर तीन वेळा गेलो आणि दर वेळी शहरं कमी करत गेलो.

एक धागा हातात धरा, म्हणजे दोनच शहरं का ते आपोआप पटेल. तो धागा घुमटाचा. घुमट कुठलाही असो, स्वतःच्या वजनाने तो खालच्या बाजूला बाहेर फाकू पाहतो. त्याला आवरायचं कसं, या एका प्रश्नाची तीन उत्तरं तुम्हाला या प्रवासात ओळीने बघायला मिळतात.

पहिलं उत्तर रोमचं पँथिऑन हे प्राचीन देऊळ, रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातलं, म्हणजे इसवी सन १२६च्या आसपास पुरं झालेलं. आतला व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तितकीच. सळई न घालता केलेला याहून मोठा काँक्रीटचा घुमट आजही जगात नाही. फाकणं आवरलंय ते नुसत्या जाडीने: तळाशी सुमारे सहा मीटर, वर जाता जाता सव्वा मीटरच्या आसपास. शिवाय काँक्रीटमधली खडीही बदलत नेली आहे. खाली जड दगड, वर विटांचे तुकडे आणि हलका दगड, अगदी वर ज्वालामुखीतून निघणारा सच्छिद्र प्यूमिस. आपल्याकडे सिमेंटच्या गोणीवर पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) लिहिलेलं असतं ना, त्यातला मधला 'पी' म्हणजे पोझोलाना. नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावच्या ज्वालामुखीच्या राखेवरून आलेलं हे नाव. रोमन गवंडी चुन्यात तसलीच राख कालवत होते. बाबांना हे तिथे उभं राहून सांगा.

माथ्यावरचा झरोका उघडाच आहे. तिसऱ्या फेरीत मी नोव्हेंबरात गेलो तेव्हा पाऊस होता. पाणी सरळ आत पडत होतं आणि मधली जागा दोरी लावून बंद केली होती. मी जमीन बघत होतो. संगमरवरी फरशीला मध्यावर अगदी हलका उंचवटा आहे आणि ठिकठिकाणी बोटभर भोकं. पाणी घरंगळत त्यांच्याकडे जायचं आणि नाहीसं व्हायचं. आपल्याकडे गच्चीचा ढाळ चुकला की पावसाळाभर पाणी साचतं, आणि इथे जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी दिलेला ढाळ काम करत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरंच. पँथिऑनला आता तिकीट लागतं, आधी काढून ठेवा.

तिथून पाच मिनिटांवर सांत इन्यात्सिओ चर्च आहे. प्रवेश फुकट. फरशीवर एक चकती बसवलेली आहे, तिच्यावर उभं राहून समोर वर बघा: छान खोल घुमट दिसेल. आता हळूहळू पुढे चालत जा. घुमट कलंडतो, विस्कटतो, आणि कळतं की ते सपाट कापडावरचं चित्र आहे. आंद्रेआ पोझ्झोने १६८५मध्ये काढलेलं.

आता फ्लॉरेन्स, म्हणजे दुसरं उत्तर. तिथल्या कॅथेड्रलचं, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चचं, काम १२९६ला सुरू झालं आणि शंभरेक वर्षांनी मध्यभागी ४५ मीटरच्या घरातलं अष्टकोनी भगदाड उरलं. एवढ्या मोठ्या घुमटाला लागणारं सेंटरिंग, म्हणजे बांधकाम पक्कं होईपर्यंत खालून तोलून धरणारा लाकडी सांगाडा, उभं करणं कोणाला झेपणारं नव्हतं. १४१८ला स्पर्धा लावली. फिलिप्पो ब्रुनेलेस्की पेशाने सोनार, आणि त्याचं म्हणणं की सेंटरिंगशिवाय बांधतो. १४२० ते १४३६, सोळा वर्षांत त्याने ते करून दाखवलं. घुमट दुहेरी आहे, आत एक कवच, बाहेर एक. फाकणं आवरायला भिंतीच्या पोटात दगडांच्या साखळ्या, लोखंडी पकडींनी जोडलेल्या.

४६३ पायऱ्या त्या दोन कवचांमधूनच वर जातात, आणि सारी गंमत तिथे आहे. अर्ध्यावर थांबून भिंतीकडे बघा. आडव्या विटांच्या थरात ठरावीक अंतरावर एक वीट उभी लावलेली दिसते. वरच्या थरात ती जरा सरकते, त्याच्या वरच्यात अजून जरा, अशी माशाच्या काट्यासारखी नक्षी तिरपी चढत जाते. ही शोभेची नाही. चुना ओला असताना आत झुकलेल्या विटा घसरू नयेत म्हणून या उभ्या विटा त्यांना चिमटीत धरतात, आणि थराचं कडं पूर्ण झालं की ते स्वतःच्या बळावर उभं राहतं. मी त्या विटांवर तळहात ठेवून बराच वेळ उभा होतो. मागचे लोक खोळंबले, त्यांची माफी मागितली.

तिकीट ठरावीक वेळेचं असतं, तारखा पक्क्या झाल्या की लगेच काढा. लिफ्ट नाही आणि वाट अरुंद आहे, आई-बाबांना नेऊ नका. त्यांना तेवढा वेळ कॅथेड्रलच्या मागच्या संग्रहालयात बसवा. तिथे लाकडी नमुने आहेत आणि गच्चीवरून घुमट अगदी समोर दिसतो. कॅथेड्रलचा रंगीत संगमरवरी दर्शनी भाग बघून मात्र फसू नका, तो एकोणिसाव्या शतकातला आहे.

चारपैकी एक दिवस फ्लॉरेन्सजवळच्या सिएना शहराला द्या, आणि बसनेच जा. बस गावात सोडते, रेल्वे स्टेशन टेकडीखाली आहे. तिथल्या कॅथेड्रलचा प्रचंड विस्तार १३३९ला काढला होता, १३४८च्या प्लेगनंतर तो कायमचा थांबला. अर्धवट राहिलेली ती उंच भिंत अजून उभी आहे आणि तिच्यावर चढता येतं. मला ती कित्येक पुऱ्या झालेल्या चर्चांपेक्षा जास्त आवडते.

रोममधल्या व्हॅटिकनचं सेंट पीटर्स चर्च मुद्दाम शेवटच्या दोन दिवसांसाठी राखून ठेवा. मायकेलअँजेलो फ्लॉरेन्समध्ये वाढलेला, ब्रुनेलेस्कीचा घुमट बघत मोठा झालेला. सत्तरी ओलांडल्यावर त्याच्याकडे हे काम आलं. तो १५६४ला गेला आणि घुमट १५९०ला जाकोमो देल्ला पोर्ताने पुरा केला. इथेही दुहेरी कवच. पण फाकणं पुरतं आवरलं नाही, तडे गेले, आणि १७४०च्या दशकात जोव्हान्नी पोलेनी या पदुआच्या गणितज्ञाने अभ्यास करून आणखी लोखंडी कडी घालायला लावली. हे तिसरं उत्तर. फ्लॉरेन्स आधी झालेलं असेल तर हा घुमट वेगळाच दिसतो. इथे गच्चीपर्यंत लिफ्ट आहे, आई-बाबांना तिथवर जरूर न्या. पुढे ३२० पायऱ्या तुमच्या तुम्ही चढा.

बारीकसारीक: चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बरीच चर्चेस दुपारी बंद असतात, तेव्हा जेवण उरका. साध्या गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारा. मी एकदा विसरलो आणि दंड भरला. अंधाऱ्या चर्चमध्ये दिव्यासाठी नाणं टाकायची पेटी असते, सुटे युरो खिशात ठेवा. रोमच्या रस्त्यावरच्या नळांचं पाणी पिण्याचं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. व्हेनिस पुढच्या खेपेला घ्या, राव्हेन्ना आणि व्हिचेन्झा ही शहरं जोडून.

आणि तुम्ही पणजीचे आहात म्हणून एक काम. निघायच्या आधी जुन्या गोव्यात जाऊन या. सेंट कॅजेटन चर्च इटलीहून आलेल्या थिएटाइन पंथाच्या पाद्र्यांनी सतराव्या शतकात सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधलं, त्याचा दर्शनी भाग आणि घुमट नीट बघून ठेवा. मग बॉम जेझू चर्चमध्ये सेंट झेवियरच्या चांदीच्या पेटीखालचा संगमरवरी चौथरा बघा. तो फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने घडवला, टस्कनीवर, म्हणजे फ्लॉरेन्सच्या मुलखावर, राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या कोझिमो तिसऱ्याने पाठवला आणि १६९८ला तिथे बसवला. फ्लॉरेन्सला सान लोरेन्झो चर्चच्या मागे त्याच मेदिची घराण्याचं समाधीघर आहे. तिथे रंगीत दगडांचं जडावकाम बघताना आईंना बॉम जेझूचा तो चौथरा आठवतो का, ते परत आल्यावर इथे लिहा.