घाणा सुरू करताय? आधी शेंगदाणा तपासा

कीटकनाशकं, जड धातू यांची तपासणी तूर्त राहू द्या. शेंगदाण्यात खरा घोर अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीतून तयार होणाऱ्या विषाचा. रिफायनरीत ते बरंचसं निघतं, घाण्याच्या तेलात मात्र राहतं. कापडाने गाळून किंवा तापवून जात नाही.

- दाण्यात ओलावा ७ टक्क्यांवर असेल तर माल साठवू नका.
- बुरशी लागलेले, सुरकुतलेले, काळवंडलेले दाणे निवडून फेका.
- वरच्याच पोत्यातून मूठभर नमुना घेणं ही नवख्यांची हमखास चूक. विष मोजक्याच दाण्यांत असतं, म्हणून रिपोर्ट चांगला येतो आणि माल खराबच असतो. बंबीने (पोत्यात खुपसून दाणे काढायच्या पोकळ नळीने) अनेक पोत्यांतून वर-मध्ये-खाली नमुना काढा, पाचेक किलो एकत्र दळा, नीट कालवा, मगच त्यातला भाग लॅबला द्या.

प्रक्रियेसाठीच्या तेलबियांना अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम. आणि हो, विषाचा मोठा वाटा पेंडीत जातो. ती खाल्लेल्या गाईच्या दुधातही थोडं विष उतरतं. पेंडही तपासूनच विका.