वाचक विचारतात: ग्रीसचा इतिहास ग्रीसमध्येच जाऊन शिकायचा का?

परदेशात जाऊन इतिहास शिकण्याबद्दल पत्रं मागवली होती, तर निम्म्याहून जास्त पत्रं ग्रीसबद्दलचीच आली. छानच झालं, कारण माझाही आवडता विषय तोच. त्यातली काही निवडून घेतलीयेत, थोडी कापून.

ताई, मी इतिहासात बीए करतेय, दुसरं वर्ष. एक सेमिस्टर अथेन्सला जायचा चान्स आहे. मैत्रिणी म्हणतात सगळं पुस्तकात आहे, आता तर थ्रीडी टूरही असतात, मग एवढा खर्च कशाला? खरंच काही फरक पडतो का?

पडतो गं, पण आपोआप नाही पडत. तिथे जाऊन पण फक्त वर्गात बसून स्लाइड बघणार असशील तर मैत्रिणींचं बरोबर आहे, घरीच बस.

एकच उदाहरण देते. अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस, त्याचं ते प्रसिद्ध भाषण तू वाचलंच असशील, युद्धात मेलेल्या सैनिकांसाठी केलेलं, इ.स.पू. ४३१-४३० च्या हिवाळ्यातलं, इतिहासकार थ्युसिडिडीसने लिहून ठेवलेलं. अथेन्स किती थोर, आमची लोकशाही कशी इतरांना आदर्श, वगैरे वगैरे. परीक्षेत आपण त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहितो आणि पान उलटतो. ते भाषण झालं केरामेइकोस भागात, शहराच्या वेशीबाहेर, जिथे सरकारी खर्चाने सैनिकांना पुरायचे. पुढच्याच उन्हाळ्यात शहरात भयंकर साथ आली. आणि १९९४-९५ मध्ये मेट्रोचं काम चालू असताना त्याच केरामेइकोसमध्ये सामूहिक दफनाचा एक खड्डा सापडला, सुमारे दीडशे माणसं, खालच्या थरात जरा नीट ठेवलेली आणि वर वर येताना अक्षरशः फेकल्यासारखी. काळ तोच, साथीचा. त्यातल्या अकरा वर्षांच्या आसपासच्या एका मुलीच्या कवटीवरून नंतर तिचा चेहरा तयार केला, तिला मिर्टिस असं नाव दिलंय. आता तू ते भाषण हातात घेऊन त्या जागी उभी रहा आणि मग सांग मला दहा मार्कांत बसतंय का ते. भाषण आणि तो खड्डा दोन्ही एकाच परिसरातले आहेत, त्यांच्यात फार तर काही वर्षांचं अंतर, आणि पुस्तकात ते दोन वेगळ्या धड्यांत येतात.

दुसरं म्हणजे खापरं. हद्दपारीसाठी मत द्यायला अथेन्सचे लोक मडक्याच्या तुकड्यावर नाव कोरायचे हे आपल्याला माहीत असतं, सहा हजार मतं लागायची, शिक्षा दहा वर्षांची. पण ॲक्रोपोलिसच्या, म्हणजे अथेन्सच्या मधल्या टेकडीच्या उत्तर उतारावर एका विहिरीत १९० तुकडे सापडले, सगळ्यांवर थेमिस्टोक्लिस या एकाच पुढाऱ्याचं नाव आणि अक्षर मात्र फक्त १४ जणांचं! म्हणजे कोणीतरी आधीच लिहून गठ्ठे तयार ठेवले होते, वाटायला. लोकशाहीबरोबर निवडणुकीचे धंदेपण तेव्हापासूनच आहेत. अशी मतखापरं अगोराच्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेच्या म्युझियममध्ये काचेपलीकडे बघायला मिळतात, अक्षराचं वळण जवळून बघता येतं, आणि तिथून बाहेर आलं की अगोराच्या कडेने पिरेयस बंदराची लोकल धडधडत जाते, कारण १८९० च्या सुमारास रूळ सरळ प्राचीन बाजारपेठेतूनच टाकले होते. हे असलं काही थ्रीडी टूरमध्ये नसतं, तिथे रूळ पुसून टाकलेले असतात.

म्हणून कोर्स निवडताना एकच गोष्ट विचार, आठवड्यातले किती तास साइटवर शिकवतात. निम्मे तरी पाहिजेत. आणि विद्यार्थ्यांसाठी साइट-म्युझियमचा प्रवेश पास कोर्सतर्फे काढून देतात का ते पण विचार, नाहीतर तिकिटांतच खिसा रिकामा होतो. नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी साइट्सना सगळ्यांना फुकट प्रवेश असतो, हिवाळ्याचं सेमिस्टर घेतलंस तर ते भरपूर वापर.

मुलगा प्राचीन ग्रीस शिकायला जायचं म्हणतोय. वडील म्हणून विचारतो, ग्रीक भाषा येत नसताना तिथे पदवी करता येते का? आणि बातम्यांत सारखे संप, मोर्चे दिसतात, त्याचं काय?

करता येते. अथेन्स युनिव्हर्सिटी, म्हणजे १८३७ ची जुनी सरकारी, तिथे प्राचीन ग्रीसचं पुरातत्त्व, इतिहास आणि साहित्य असा चार वर्षांचा बीए पूर्ण इंग्रजीत आहे, परदेशी मुलांसाठीच काढलेला. फी वर्षाला सहा हजार युरोच्या आसपास, अर्ज करताना चालू आकडा बघून घ्या. बाकी ग्रीक युनिव्हर्सिटींमधले बहुतेक बीए कोर्स मात्र ग्रीकमधूनच असतात. मास्टर्स इंग्रजीत करायचं तर थेस्सालोनिकीच्या इंटरनॅशनल हेलेनिक युनिव्हर्सिटीकडे बघा. आणि एक-दोन सेमिस्टरपुरतंच जायचं असेल तर कॉलेज इयर इन अथेन्स आहे, १९६२ पासून चालू, पण ती मुळात अमेरिकन कॉलेजांच्या मुलांसाठी काढलेली, खर्चही त्याच मापाचा, आणि डिग्री तुमची तुमच्या मूळ युनिव्हर्सिटीचीच राहते. स्कॉलरशिपसाठी ग्रीक सरकारची आयकेवाय आणि ओनासिस फाउंडेशन ही दोन नावं लक्षात ठेवा, मात्र तिथे जास्त करून पदवीनंतरच्या शिक्षणाचा विचार होतो, बीएसाठी त्यांच्या भरवशावर राहू नका.

व्हिसा ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर नॅशनल व्हिसा, टाइप डी. तिथे पोचल्यावर राहण्याचा परवाना वेगळा काढायचा आणि त्यात वेळ जातो, खूप वेळ जातो. घर भाड्याने घ्यायला एएफएम म्हणजे टॅक्स नंबर लागतो, तो पहिल्याच आठवड्यात काढायला सांगा मुलाला.

संपाचं म्हणाल तर हो, होतात. मेट्रो बंद, कधी म्युझियमसुद्धा बंद. बहुतेक वेळा आधी जाहीर होतात, त्यामुळे माणूस चालत जातो किंवा त्या दिवशी लायब्ररीत बसतो. काळजी करण्यासारखं त्यात फार नाही, मोर्चा चालू असेल तिथे उगाच बघायला थांबू नये एवढंच. नोव्हेंबरच्या १७ तारखेला तर मोर्चा ठरलेलाच असतो, त्याचं कारण खाली एका उत्तरात येतंय.

मी प्राचीन ग्रीक थोडी शिकलेय, व्याकरण बऱ्यापैकी येतं. ती आली की आजची ग्रीक चालून जाते ना?

वाचायला थोडीफार, बोलायला अजिबात नाही. पाट्या वाचता येतील, चर्चवरचे शिलालेख तर बऱ्यापैकी कळतील आणि मग तू खुश होऊन दुकानात जाशील आणि समोरच्याचं एक अक्षर कळणार नाही. उच्चारच वेगळे आहेत. युरोपात प्राचीन ग्रीक ज्या पद्धतीने शिकवतात ती विद्वानांनी ठरवलेली, आणि ग्रीसमध्ये प्रोफेसर होमर वाचतात ते सरळ आजच्या उच्चारात, तू ज्या अक्षराला 'ए' म्हणतेस ते त्याला 'ई' म्हणणार. पहिल्या आठवड्यात गोंधळ होतो, नंतर कान बसतो.

माझं मत विचारशील तर जायच्या आधी तीन-चार महिने फक्त आजची ग्रीक कर. अथेन्स युनिव्हर्सिटीत आणि थेस्सालोनिकीच्या ॲरिस्टॉटल युनिव्हर्सिटीत परदेशी लोकांसाठी खास भाषावर्ग असतात, ते तिथे गेल्यावर पुढे चालू ठेव. आणि पुढे कधी १९ व्या शतकातले कागद बघायचे असतील तर अजून एक तिसरीच ग्रीक भेटेल, काथारेवुसा, मुद्दाम प्राचीन वळणाची केलेली सरकारी भाषा. १९७६ पर्यंत सरकारी कामकाज आणि शिक्षण त्यात चालायचं. तिथे मात्र तुझी प्राचीन ग्रीक जाम कामाला येईल.

आमच्या कोर्समध्ये आधुनिक ग्रीसचा पेपर कम्पल्सरी केलाय. मला फक्त पेरिक्लीस-सॉक्रेटिस काळात इंटरेस्ट आहे, हे १८२१ चं ऑटोमन तुर्कांविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध आणि नंतरचं राजकारण कशाला? सुटका करून घ्यायचा काही मार्ग?

मार्ग असला तरी सांगणार नाही! या पेपरासाठी तर मी भांडेन.

तू ॲक्रोपोलिसवर जाशील तेव्हा तुला काय दिसेल? पांढरेशुभ्र प्राचीन अवशेष, मध्ये काहीच नाही, सरळ पेरिक्लीसचा काळ. पण तो तसा उरलेला नाहीये, तसा केलाय. तिथली मुख्य इमारत म्हणजे पार्थेनॉन, ते आधी देऊळ, मग कित्येक शतकं चर्च, ऑटोमन आल्यावर मशीद. १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याने तोफा डागल्या, आत ऑटोमनांनी दारूगोळा साठवलेला, मधला भाग उडाला. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी शिल्पं उतरवून नेली, १८१६ मध्ये ती ब्रिटिश सरकारने विकत घेतली आणि ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवली. मग स्वतंत्र ग्रीस झाला, बव्हेरियाचा राजपुत्र ओटो राजा म्हणून आणला, १८३४ मध्ये अथेन्स राजधानी झाली आणि वर टेकडीवर साफसफाई सुरू झाली. मशीद काढली, घरं काढली, मध्ययुगातला एक उंच फ्रँकिश, म्हणजे पश्चिम युरोपी राज्यकर्त्यांच्या काळातला बुरूज होता तो १८७५ मध्ये पाडला, पैसे दिले श्लीमनने, हो तोच, प्राचीन ट्रॉय खणणारा. नवीन देशाला आपण थेट पेरिक्लीसचे वारस आहोत हे दाखवायचं होतं, मधली दोन हजार वर्षं अडचणीची वाटत होती. म्हणजे तुला आवडतो तो 'शुद्ध' प्राचीन ग्रीस बराचसा १९ व्या शतकाने निवडून समोर ठेवलाय. हे न कळता तिथे फोटो काढत फिरायचं असेल तर फिर, पण त्याला इतिहास शिकणं म्हणू नकोस.

बरं, ॲक्रोपोलिस म्युझियम, २००९ चं, त्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर पार्थेनॉनची शिल्पपट्टी मूळ मापात लावलीय, १६० मीटरची. जे तुकडे अथेन्समध्ये आहेत ते मूळ, पिवळसर संगमरवरी आणि जे लंडनमध्ये आहेत त्यांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतिकृती. कोणीही भाषण देत नाही तिथे, रंगातला फरकच ती शिल्पं कुणाची हा सगळा वाद मांडतो. ही मांडणी म्हणजे आजचं राजकारणच आहे, आणि खिडकीतून समोर खरा पार्थेनॉन.

थेस्सालोनिकीत गेलीस तर याहून जड प्रकरण आहे. ॲरिस्टॉटल युनिव्हर्सिटीचा कॅम्पस ज्या जमिनीवर आहे तिथे आधी शहरातल्या ज्यूंचं शतकानुशतकांचं कबरस्तान होतं, डिसेंबर १९४२ मध्ये जर्मन ताब्यात असताना ते उद्ध्वस्त केलं, थडग्यांचे दगड बांधकामाला वापरले गेले आणि १९४३ मध्ये शहरातले जवळपास सगळेच ज्यू छळछावण्यांत पाठवले. युनिव्हर्सिटीने तिथे स्मारक उभारलं ते २०१४ मध्ये. तिथे बसून तू ॲरिस्टॉटलवर लेक्चर ऐकणार असशील तर हे माहीत असलेलं बरं.

आणि १७ नोव्हेंबर. १९६७ ते १९७४ ग्रीसमध्ये लष्करी राजवट होती. १९७३ मध्ये अथेन्सच्या पॉलिटेक्निकमध्ये विद्यार्थ्यांनी कब्जा केला, स्वतःचं रेडिओ स्टेशन चालवलं, १७ तारखेला पहाटे रणगाड्याने गेट तोडून सैन्य आत घुसलं. ते वाकलेलं गेट अजून आवारात आहे, दरवर्षी लोक फुलं वाहतात आणि मग अमेरिकन दूतावासापर्यंत मोर्चा जातो. नॅशनल आर्किऑलॉजिकल म्युझियम अगदी शेजारी आहे. सोन्याचे मुखवटे बघून झाले की बाहेर पडून डावी-उजवी न करता तिथे पण जाऊन ये.

उत्खननात काम करायची फार इच्छा आहे. अनुभव शून्य. घेतील का?

घेतील, फील्ड स्कूल त्यासाठीच असतात. पण ग्रीसमध्ये कोणीही उठून खणू शकत नाही, सगळं संस्कृती मंत्रालयाच्या परवानगीने. परदेशी संस्थांना कायद्याने मर्यादा आहे, प्रत्येक देशाच्या संस्थेला स्वतःची तीन आणि ग्रीक खात्याबरोबर भागीदारीत तीन उत्खननं, बस. त्यामुळे जागा कमी आणि अर्ज जास्त. अमेरिकन स्कूल ही परदेशी पुरातत्त्व संस्था १९३१ पासून अथेन्सच्या अगोरात खणतंय, तिथे उन्हाळ्यात विद्यार्थी व्हॉलंटिअर घेतात. इतर अनेक ठिकाणी तूच फी भरायची असते, ते आधी नीट वाच.

काम कसलं तर पहाटे उठायचं, ऊन चढायच्या आत खणून घ्यायचं, बादल्या उचलायच्या, माती चाळायची आणि दुपारनंतर खापरं धुवायची. परत खापरं धुवायची. ब्रशने, एकेक तुकडा, आणि नंतर त्यावर बारीक नंबर. पुतळा-बितळा सापडेल या आशेने जाणारे दुसऱ्या आठवड्यात वैतागतात. ज्याला मातीचा रंग बदलला की थर बदलला हे ओळखण्यात मजा येते तो टिकतो. वही मात्र कडक ठेव, कारण थर एकदा खणला की गेला, नंतर फक्त तू लिहिलेलं उरतं. आणि आठवण म्हणून खडासुद्धा खिशात घालायचा नाही. जमिनीतलं सगळं सरकारचं, आणि ते याबाबतीत अजिबात गंमत करत नाहीत.

सेमिस्टर ऑक्टोबरपासून आहे. त्याआधी ऑगस्टमध्ये जाऊन सगळं बघून घेऊ का?

नको रे. ऑगस्टमध्ये अथेन्सचे लोक गावी, बेटांवर पळालेले असतात, १५ ऑगस्टच्या सणाच्या आसपास तर अर्धं शहर बंद, आणि ऊन असं की जुलै २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत दुपारी ॲक्रोपोलिसच बंद ठेवावं लागलं होतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जा, घर पण तेव्हा शोध. त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी सरकारी साइट्स फुकट असतात, फक्त रांग लागते, सकाळी गेट उघडायच्या आधीच जाऊन उभा रहा.